बाबांची दुपारपाळी

आमच्या कंपनीत माणूस कामावर आहे की नाही हे एका टिंबावरून ठरतं. टिंब हिरवं असलं की माणूस आहे. पाच मिनिटं माउस हलला नाही, कीबोर्डला बोट लागलं नाही, की टिंब पिवळं होतं आणि कुठल्यातरी तक्त्यात जाऊन बसतं. डोंबिवली पश्चिमेला, तिसऱ्या मजल्यावर, वन बीएचकेच्या हॉलमध्ये शिवणयंत्राच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी या टिंबाची चाकरी करतो. कंपनीनं ऑफिसची जागा सोडली, खुर्च्या काढून टाकल्या, आम्हाला घरी पाठवलं आणि आमच्या पाठोपाठ हे टिंब पाठवलं.

आता माझी अडचण सांगतो. मला दुपारी झोप येते. थोडीथोडकी नाही, वरणभात पोटात गेला की समोर प्रत्यक्ष मालक येऊन बसला तरी माझी मान पडते. ऑफिस होतं तेव्हा मी जिन्याखालच्या स्टोअररूममध्ये रिकाम्या खोक्यांमागे वीस मिनिटं उरकून यायचो. घरी गादी दहा पावलांवर, आणि टिंबामुळं ती दहा पावलं टाकायची सोय नाही.

पहिला इलाज मी टेबलफॅनवर केला. फॅनच्या फिरत्या मानेला पायजम्याच्या नाडीनं माउस बांधला. फॅन डावीकडं गेला की माउस डावीकडं, उजवीकडं गेला की उजवीकडं. स्वतःवर खूश होऊन मी आडवा झालो. माउस आपटत आपटत कुठं गेला कोण जाणे, त्यानं हिशेब खात्यातल्या एका बाईंना व्हिडिओ कॉल लावला. बाईंना माझं बनियन आणि उघडं तोंड दिसलं. त्या सभ्य असल्यानं कुणाला बोलल्या नाहीत, पण तेव्हापासून सकाळी दहाला मला "गुड मॉर्निंग" न म्हणता "उठलात का" म्हणतात.

मग मला बाबा सापडले.

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात छत्तीस वर्षं टर्नर होते. लेथवर लोखंड कापायचे. सुताच्या शंभराव्या भागाची चूक बोटानं ओळखायचे असं ते स्वतः सांगतात, आणि त्यांच्या वयाचे जे दोघंचौघं उरलेत तेही सांगतात. त्याच बोटांना कंपवात झाला. उजवा हात सारखा हलतो, अंगठा आणि पहिलं बोट तंबाखू मळत असल्यासारखी. दिवसाला तीन गोळ्या, आठ, एक आणि सहा वाजता. गोळी घेतली की पाऊण तासात हात गप्प होतो, पाय मोकळे होतात, बोलणं स्पष्ट होतं. गोळीची वेळ टळली की सगळं उलट. माझी बायको ठाण्याला नोकरीला जाते, सकाळी आठला बाहेर पडते आणि सातला येते. दर रविवारी ती खणाच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या भरून ठेवते. आठची आणि सहाची गोळी बाबा स्वतः घ्यायचे. एकची देणं एवढंच काम माझ्याकडं होतं.

एका दुपारी साडेबाराला मी भाताच्या शिट्ट्या मोजायला आत गेलो. बाबा माझ्या खुर्चीवर टेकलेले. मी परत आलो तर त्यांचा हात माउसवर पडलेला, आणि पडद्यावर बाण माशीसारखा थरथरत होता. वीस मिनिटं झाली होती. टिंब हिरवंगार.

बापाचा हात असा हलताना बघून मुलाला काय काय वाटायला हवं. मला झोप दिसली.

"बाबा, दुपारी जेवण झालं की जरा हे धरून बसाल?"

"काय करायचं?"

"काही नाही. हलतं ठेवायचं. कंपनीचा नियम आहे, बंद पडलेलं चालत नाही."

"फीड द्यायचा? हत्यार पुढं सरकवायचं?"

"फीड नाही द्यायचा. बटणाला हात लावायचा नाही. नुसतं फिरतं."

"म्हणजे मशीन रिकामं चालवायचं."

"हो."

"फुकटची वीज," बाबा म्हणाले. पण बसले.

दुसऱ्या दिवशी ते अंघोळ करून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. हलत्या हातानं केलेली दाढी होती, हनुवटीवर दोन ठिकाणी वर्तमानपत्राचे कपटे चिकटवलेले. निवृत्त झाल्यापासून मी त्यांना बनियन-लेंग्याशिवाय फक्त लग्नकार्यात पाहिलं होतं. खुर्ची ओढून घेतली आणि मला नियम सांगितला.

"रिलीव्हर आल्याशिवाय मी उठणार नाही. तू रिलीव्हर. मशीन उघडं टाकून जायची पद्धत नाही आमच्यात."

"बरं."

"आणि वेळेवर ये. आमच्याकडं एक होता, रोज दहा मिनिटं उशीर. त्याला सगळे शिव्या घालायचे."

मी मान डोलावली आणि झोपायला गेलो.

यात एकच खोट होती, ती गोळीची. एकला गोळी दिली की पावणेदोनला हात गप्प, आणि हात गप्प की टिंब पिवळं. पहिल्या दिवशी मी अडीचला उठलो तर बाबा माउसवर हात ठेवून पुतळ्यासारखे बसलेले आणि मॅनेजरचे तीन मेसेज पडलेले. मॅनेजर माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहे आणि मला "अरे बॉस" म्हणतो. मेसेजमध्ये "अरे बॉस" नव्हतं.

मग मी गोळी दीडला दिली. मग दोनला. आठवड्याभरात तीनला आणली. संध्याकाळी बायको येऊन बघायची तेव्हा डबीतला दुपारचा खण रिकामा असायचा. कधी रिकामा झाला हे डबी सांगत नाही.

दोन वाजायच्या सुमाराला बाबांचं बोलणं जड व्हायचं. चेहऱ्यावरची हालचाल थांबायची. पाणी प्यायला उठले तर पाय फरशीला चिकटल्यासारखे, एक पाऊल टाकायला चारदा हिसका द्यावा लागायचा. हे मला दिसत नव्हतं असं नाही. बघून झोपायला जायचो.

महिन्याभरात मी टीममध्ये आदर्श झालो. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, "दुपारी एक ते तीन, एक मिनिट पिवळं नाही. हा माणूस पन्नाशीला आलाय. तुम्ही पंचविशीचे, तुम्हाला काय होतं?" हे 'तुम्ही' म्हणजे खरं तर एकच मुलगी होती. टिटवाळ्याला राहते, मांडीवर सहा महिन्यांचं बाळ, आणि त्याला पाजायची वेळ नेमकी दीडची. तिला त्या महिन्यात लेखी ताकीद मिळाली. मीटिंगनंतर तिनं मला वेगळा फोन केला.

"दादा, तुम्ही जेवता कधी?"

"डेस्कवरच."

"आणि बाथरूमला?"

"सवय लावायची," मी म्हणालो. एवढं बोलून मी तिला पाणी भरपूर पी असंही सांगितलं. अजून आठवलं की मला माझ्या आवाजाची शिसारी येते, पण तेव्हा तो मला वडीलधारा वाटला होता.

तो मंगळवार होता. मी पावणेदोनला आडवा झालो. स्वप्नात कुणीतरी गहू ओतत होतं, तेवढ्यात कायतरी जड पडल्याचा आवाज आला. तीन वाजत आले होते. उठून आलो तर खुर्ची रिकामी. बाबा बाथरूमच्या वाटेवर, पॅसेजमध्ये, डाव्या कुशीवर पडलेले. डावा हात अंगाखाली. लेंगा ओला. आणि उजव्या हातात माउस. बिनवायरचा होता तो, म्हणून बरोबर नेता आला. हात फरशीवर थरथरत होता आणि माउसच्या पोटातला लाल दिवा लुकलुकत होता.

मी काय केलं ते लिहितो, कारण बाकी सगळं मी कुणाला ना कुणाला हसत सांगितलंय, हे नाही. मी मागं वळून लॅपटॉपकडं बघितलं. टिंब हिरवं होतं.

"सोडला नाही," बाबा म्हणाले. जीभ जड होती, पण कळलं.

मी खाली बसून त्यांच्या काखेत हात घातला तेवढ्यात लॅपटॉप वाजायला लागला. मॅनेजर. मी हिरवा, म्हणजे मी समोर आहे हे त्याला माहीत.

"घे," बाबा म्हणाले. "साहेब असेल."

"वाजू दे."

"घे रे. मी कुठं पळतोय?"

आणि मी घेतला. बापाच्या डोक्याखाली पायपुसणं घातलं आणि जाऊन फोन घेतला.

"अरे बॉस, फ्री आहेस?"

"बोला सर."

"शुक्रवारी दहा मिनिटं बोलायचं तू. सगळ्या ब्रँचेस ऐकणार. विषय, घरून काम करताना शिस्त. तुझा डेटा दाखवू. करशील ना?"

"हो सर."

"थोडं पर्सनल ठेव. घरच्यांचा सपोर्ट वगैरे."

चार मिनिटं चाललं ते. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ दिसते म्हणून सांगतो. चार मिनिटं पॅसेजमधून माउस फरशीवर घासल्याचा बारीक आवाज येत होता.

डावं मनगट मोडलं होतं. हाडांच्या डॉक्टरनं प्लास्टर घालता घालता विचारलं, "आजोबा, पडताना माणूस दोन्ही हात टेकतो. उजवा का नाही टेकलात?"

"त्यात काम होतं," बाबा म्हणाले.

त्यानं आम्हाला वरच्या मजल्यावर कंपवाताच्या डॉक्टरकडं पाठवलं. तोपर्यंत बायको ठाण्याहून थेट तिथं पोचली होती. डॉक्टरनं फाइल उघडली आणि मला विचारलं, "दुपारची गोळी किती वाजता दिली होती?"

"एक वाजता," मी म्हणालो.

बाबांनी माझ्याकडं बघितलं. मग डॉक्टरकडं बघून म्हणाले, "एकलाच. भोंगा चुकत नाही आमच्याकडं."

कारखान्यात सुपरवायझरनं विचारल्यावर शेजारच्या मशीनवाल्यासाठी बोलतात तसं ते बोलले. मला घाम फुटला होता तो थोडा वाळला.

"म्हणजे एकची गोळी तीनपर्यंतसुद्धा पुरत नाही," डॉक्टर म्हणाला. "डोस वाढवावा लागेल. त्यानं कधी कधी भास होतात, नसलेली माणसं दिसतात. लक्ष ठेवा." आणि त्यानं प्रत्येक वेळेला अर्धी गोळी वाढवून लिहिली.

रिक्षात बायको मधे, बाबा एका बाजूला, मी दुसऱ्या. रेतीबंदरचा फाटा आला. ती पुढं बघत म्हणाली, "पडले तेव्हा हात हलत होता?"

"हो."

"खूप?"

"नेहमीसारखा."

"रविवारी मी घरी असते. एकला गोळी घेतली की तीनला हात हलत नाही. चारलापण नाही." रिक्षावाल्याच्या पाठीकडं बघत तिनं पुढं विचारलं, "किती वाजता दिलीस?"

मी बाबांकडं बघितलं. बाबा बाहेर बघत होते. शेजारच्या मशीनवाल्यासाठी एकदाच बोलायचं असावं.

"तीन," मी म्हणालो. "पडल्यावर दिली. पाच-दहा मिनिटांनी."

"रोज?"

मी मांडीवरच्या फाइलची दोरी बांधायला लागलो.

"भाऊ, रिक्षा थांबवा," बायको म्हणाली. "यांना उतरायचंय. जा. डॉक्टरला सांगून ये. वाढवलेल्या गोळीनं नसलेली माणसं दिसायला लागली तर त्यांच्याशी बोलत बसायला तू घरीच असतोस, पण बाबांना सांभाळायला मी दुपारी नसते."

मी चालत मागं गेलो. रिसेप्शनवरच्या बाईंनी मला चौदा नंबर दिला. अकरावा आत होता. समोरच्या बाकावर एक माणूस आपल्या आईची हनुवटी रुमालानं पुसत होता, दर मिनिटाला, न कंटाळता. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. मॅनेजरचा मेसेज आला, शुक्रवारच्या भाषणाला शीर्षक काय देऊ. मी लिहिलं, तुम्हीच द्या सर.

माझा नंबर आल्यावर डॉक्टरनं वर न बघता विचारलं, "काय राहिलं?"

"गोळी एकला नाही, तीनला दिली होती."

"का?"

जिना चढताना मी खरं सांगायचं ठरवलं होतं. माउस, टिंब, झोप, सगळं. तोंडातून आलं, "विसरलो."

"होतं," डॉक्टर म्हणाला, बऱ्याच मायेनं. "सगळं एकट्यावर पडलं की होतं. स्वतःकडंही लक्ष द्या." त्यानं वाढवलेली अर्धी गोळी खोडली. मी फाइल घेऊन बाहेर आलो. बाकावरच्या त्या माणसाकडं बघितलं नाही.

शुक्रवारी भाषण झालं. बायकोनं तीन दिवस रजा टाकली होती. एकला ती गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन बाबांसमोर उभी राहायची, गोळी गिळल्यावर जीभ वर करायला लावायची, आणि हे सगळं माझ्याकडं एकदाही न बघता. या तीन दिवसांत मी दुपारी जागा होतो. कॉफी पीत होतो, चिमटे काढत होतो, आणि तरी दोनच्या सुमाराला दोनदा पिवळा झालो.

भाषणात मी शिस्तीबद्दल बोललो. सकाळी कपडे बदलून बसावं, कामाची जागा ठरलेली असावी, घरच्यांना आपल्या वेळा समजावून द्याव्यात. इस्त्रीच्या शर्टाचं महत्त्व सांगितलं. ते मी कुठून आणलं होतं ते पलंगावर प्लास्टर मांडीवर घेऊन बसलं होतं आणि ऐकत होतं. मग मॅनेजरनं माझा आठवडा पडद्यावर लावला. रोजची एक आडवी पट्टी, जितका माउस हलला तितकी हिरवी गडद. मंगळवारची पट्टी दोनपर्यंत साधी होती. तीनला ती जवळजवळ काळी झाली होती. तीन वाजून पाच, दहा, पंधरा. मी बाबांना उचललं, पुसलं, लेंगा बदलला, गोळी भरवली, शेजाऱ्यांना हाक मारली, तोवर माउस त्यांच्या मुठीतच राहिला होता. बोटं मीच एकेक करून सोडवली होती, जिन्यात.

"प्रश्न?" मॅनेजर म्हणाला.

टिटवाळ्याच्या मुलीनं माइक सुरू केला. मागं बाळ कुरकुरत होतं. "दादा, मंगळवारी तीन वाजता एवढं काय काम होतं?"

तिनं खवचटपणे विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिला खरंच शिकायचं होतं.

"अर्जंट होतं," मी म्हणालो. "मधेच सोडता येत नव्हतं."

पलंगावरून बाबांनी मान हलवली. बरोबर, अशी.

सोमवारी बायकोची रजा संपली. जाताना तिनं डबी माझ्या कीबोर्डवर ठेवली. एक वाजायला पाच कमी असताना बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. एका हातानं बटणं लावली होती, एक चुकलं होतं. खुर्चीवर बसले आणि प्लास्टरच्या हातानं डबी बाजूला ढकलली.

"तीनला घेऊ."

"नाही बाबा. आत्ता."

"गोळी घेतली की हात बंद. हात बंद की तुझं मशीन बंद. एवढं कळायला इंजिनीयर लागत नाही." माझ्याकडं बघितलं. "पहिल्या दिवसापासून माहितीय मला. तू जा, झोप. फक्त वेळेवर ये."

मी गोळी हातावर घेऊन उभा राहिलो. ते तोंड मिटून बसले. मी विनवलं, ओरडलो, गाल दाबून बघितले. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाचे गाल दाबले मी. त्यांनी तोंड उघडलं नाही. उजवा हात माउसवर तंबाखू मळत होता. सव्वा झाला, दीड झाला. पाय कडक व्हायला लागलेले दिसत होते. त्यांना काम हवं होतं, आणि ते मीच दिलं होतं.

शेवटी म्हणालो, "बाबा, साहेबांनी सांगितलंय, आजपासून दुपारपाळी बंद."

हात हलत राहिला. "कुणी सांगितलं?"

"साहेबांनी. माणूस कमी केला."

"लेखी आहे?"

"म्हणजे?"

"लेखी. तोंडी सांगून माणूस काढता येत नाही. नोटीस लागते."

मी लॅपटॉप माझ्याकडं ओढला आणि टाइप केलं. की आपण दुपारपाळीत माउसवर काम केलंत, आपलं काम समाधानकारक होतं, सदर काम बंद झाल्यानं आपल्याला आजपासून कामावरून कमी करण्यात येत आहे. खाली मॅनेजर असं लिहिलं. पडदा त्यांच्याकडं वळवला. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचलं, एकेक ओळ.

"तारीख नाही टाकली."

मी तारीख टाकली.

"'समाधानकारक' नको. 'चोख' लिही."

मी 'चोख' लिहिलं. त्यांनी परत पहिल्यापासून वाचलं. मग माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला आणि तोंड उघडलं. मी गोळी जिभेवर ठेवली, पाणी पाजलं. जीभ वर करून त्यांनी स्वतःच दाखवली.

अडीचपर्यंत आम्ही दोघं बसून होतो. हात हळूहळू मंद होत गेला आणि थांबला. टिंबाकडं माझं लक्ष गेलं नाही असं लिहायला आवडलं असतं. ते पिवळं झालं होतं आणि फोन वाजत होता. बाबा उठले, नीट चालत आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले, आणि तिथं उभे राहून एका हातानं शर्टाची बटणं काढायला लागले. हात अजिबात हलत नव्हता. चुकीचं लागलेलं बटणही त्यांनी पहिल्या झटक्यात काढलं. शर्ट खुंटीला लावला.